फोटोखालचं नाव

सातारा जिल्ह्यातल्या गावांमधून बचत गटाच्या कामानिमित्त फिरताना एक गोष्ट घरोघरी दिसते. सोप्यात, देवादिकांच्या तसबिरींच्या ओळीतच, फौजी वेशातल्या माणसाचा फोटो. कुणाचा मुलगा, कुणाचा दीर, कुणाचे सासरे. फोटोला हार असला की काय ते समजायचं. नसला की कौतुकानं विचारायचं, "कुठं आहे हो पोस्टिंग?" चहा येईपर्यंत निम्मं घर ओळखीचं होऊन जातं.

आमच्याही घरी असा एक फोटो आहे. दोन वर्षांपूर्वी गावाकडचं जुनं घर उतरवायला काढलं, तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेला सापडला. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, तपकिरी पडलेला. डोक्याला फेटा, अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, छातीवर एक पदक, एक हात खुर्चीच्या पाठीवर. पुठ्ठ्याच्या तळाशी सोनेरी इंग्रजी अक्षरांत फोटो काढणाऱ्याचं नाव आणि 'पूना'. ज्याचा फोटो काढला त्याचं नाव पुढेही नाही, मागेही नाही.

सासूबाई म्हणाल्या, "हे सुभेदार. तुझ्या सासऱ्यांचे पणजोबा."

"नाव काय त्यांचं?"

"सुभेदारच म्हणायचे सगळे."

मामंजी आता नाहीत. भावकीत विचारलं तर तिघांनी तीन नावं सांगितली. मग मला नादच लागला. वाचनालयातून पुस्तकं आणली, मुलीनं संगणकावर लंडनच्या संग्रहालयांतले जुने फोटो शोधून दिले. आपल्या सुभेदारांचा पत्ता काही त्यात लागला नाही. पण आपल्या देशात फौजी माणसांचे फोटो काढायला कसे सुरू झाले, कुणी काढले आणि त्यात कोण राहिलं, कोण राहिलं नाही, हे वाचता वाचता मी त्यात चांगलीच गुंतले.

फोटोग्राफीचा शोध युरोपात जाहीर झाला १८३९ मध्ये. आणि आपल्याकडे कॅमेरा हाती घेणाऱ्यांत लष्करातली माणसं अगदी पुढे होती. साहेबाच्या फौजेतले डॉक्टर आणि इंजिनिअर, यांना रसायनांची माहिती, हातात थोडा पैसा आणि छावणीत वेळच वेळ! जॉन मॅकॉश नावाचे एक लष्करी डॉक्टर होते, बंगाल आर्मीतले. १८४८-४९ च्या शीख युद्धात आणि पुढे १८५२-५३ च्या ब्रह्मदेशाच्या युद्धात त्यांनी कॅमेरा बरोबर ठेवला. जगातल्या अगदी पहिल्या युद्ध-छायाचित्रकारांत त्यांची गणना होते. त्यांचा अल्बम लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. लढाई चालू असतानाचे फोटो मात्र त्यात नाहीत. त्या काळच्या कॅमेऱ्याला हलतं काही टिपताच येत नसे. म्हणून माणसांचेच फोटो फार. पाहुणा जेवायला बसल्यासारखे अवघडून बसलेले अधिकारी.

त्याच मॅकॉशनी लहानग्या महाराजा दलीपसिंगाचाही फोटो काढला, १८४८ मध्ये. रणजितसिंगाचा हा धाकटा मुलगा. तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा. फोटोत दिसतं ते एक गंभीर पोर. पण त्या फोटोच्या आधीच, १८४७ मध्ये, इंग्रजांनी त्याच्या आईला, महाराणी जिंदन कौरला, त्याच्यापासून तोडून दूर ठेवलं होतं. पुढल्या वर्षी राज्यही गेलं. माय-लेकरांची भेट झाली ती थेट १८६१ मध्ये, कलकत्त्याच्या एका हॉटेलात. तोपर्यंत आईची नजर जवळजवळ गेली होती. हे कळल्यानंतर मी तो फोटो परत पाहिला, तर मला त्यातलं दागिने-पोशाख काही दिसेचना.

पुस्तकांत आपली मुंबईही भेटली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, कलकत्ता आणि मद्रासच्याही आधी. अध्यक्ष होते एक लष्करी कॅप्टन. पण सभासदांत आपले डॉ. भाऊ दाजी लाडही होते आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तर स्वतः उत्तम फोटो काढत. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गही सुरू झाला. त्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नामांकित छायाचित्रकार झाले. म्हणजे ही विद्या साहेबाच्या हातून आपल्या माणसांच्या हातात यायला फार वेळ लागला नाही.

आता थोडं त्या तंत्राविषयी. कारण ते समजलं की जुन्या फोटोतली माणसं अशी का दिसतात ते कळतं.

१८५१ नंतर काचेच्या पट्टीवर फोटो घ्यायची पद्धत आली. काचेवर कोलोडियन नावाचं चिकट रसायन ओतायचं, चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच धुवून काढायची. वाळली की संपलं! आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती किती भराभर वाळत असेल याची कल्पना करा. म्हणून छायाचित्रकाराबरोबर काळोख्या खोलीचा तंबू, रसायनांच्या बाटल्या, पाण्याची भांडी, काचांच्या पेट्या असा सगळा बारदाना बैलगाडीवर नाही तर हमालांच्या डोक्यावर. समोरच्या माणसानं कित्येक सेकंद हलायचं नाही. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावत. फोटोत तो दिसत नाही, पण नीट पाहिलंत तर पायांमागे कधीकधी स्टँडचा पाय दिसतो. आमच्या सुभेदारांचा हात खुर्चीच्या पाठीवर आहे तो ऐटीसाठी असं मला वाटत होतं. कदाचित आधारासाठीही असेल!

कागदही गमतीचा. तो कागद अंड्याच्या पांढऱ्यानं माखलेला असे. युरोपातल्या कारखान्यांत त्यासाठी रोज हजारो अंडी फोडत. पिवळ्याचं काय करत असतील, हा प्रश्न माझ्यातल्या गृहिणीला पडलाच.

आणखी एक. त्या रसायनाला निळा रंग पटकन कळे, तांबडा जवळजवळ कळतच नसे. म्हणून निळं आभाळ कोरं पांढरं आणि लाल डगला काळा. आपण 'लाल डगलेवाले गोरे' म्हणून वाचलेली पलटणच्या पलटण फोटोत काळ्या कोटात उभी असते. आणि मिशा! ब्रिटिश लष्करात कितीतरी वर्षं, थेट १९१६ पर्यंत, वरच्या ओठावर वस्तरा फिरवायची मनाई होती. त्यामुळे त्या गटांच्या फोटोंत विशी-बाविशीची पोरंसुद्धा ओठांवर कसंबसं काहीतरी वाढवून उभी असतात. मला ती बघून हसू येई आणि लगेच वाईटही वाटे. कारण त्या पोरांचे फोटो कशासाठी काढले जात? घरी पाठवायला. १८५४ मध्ये फ्रान्समध्ये छोट्या, व्हिजिटिंग कार्डाएवढ्या फोटोची युक्ती निघाली आणि काही वर्षांत ती सगळीकडे पसरली. एकाच काचेवर अनेक फोटो, त्यामुळे स्वस्त. टपालाच्या पाकिटात मावणारे. छावणी तिथे फोटोवाला असं झालं. कलेवराची खात्री नसलेल्या देशात आलेल्या मुलाचा चेहरा तेवढा आईकडे पोचायचा.

हे सगळ्यात जास्त जाणवतं ते लखनौच्या फोटोंत.

लखनौला अहमद अली खान नावाचे एक गृहस्थ होते. लोक त्यांना 'छोटे मियाँ' म्हणत. हुसेनाबादच्या इमामबाड्याचे ते दारोगा, म्हणजे तिथला कारभार पाहणारे. फोटोग्राफी त्यांचा छंद. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवधचं राज्य खालसा केलं, नबाब वाजिद अली शाह कलकत्त्याला गेले आणि लखनौत गोऱ्या अधिकाऱ्यांची वर्दळ वाढली. त्या वर्ष-सव्वा वर्षात छोटे मियाँनी त्यांचे, त्यांच्या बायकांचे, मुलाबाळांचे फोटो काढले. तिथले पाद्री हेन्री पोलहॅम्प्टन यांनी आपल्या पत्रांत त्यांच्याविषयी लिहिलंय, की हा माणूस फोटोचे पैसेच घेत नाही. गणवेशातला नवरा उभा, घेरदार झग्यातली बायको खुर्चीत बसलेली, मांडीवर मूल. मूल हललेलं असलं की तिथे नुसतं धुकं.

आणि मग आलं १८५७. ३० जूनपासून लखनौच्या रेसिडेन्सीला वेढा पडला, तो नोव्हेंबरपर्यंत चालला. सर हेन्री लॉरेन्स चौथ्या-पाचव्या दिवशीच गेले. त्यांचा लखनौतला, त्याच वर्षीचा फोटो आहे. गालफडं बसलेली, डोळे थकलेले. पाद्री पोलहॅम्प्टन वेढ्यातच वारले. त्यांच्या पत्नी एमिली यांनी त्या नरकात रुग्णालयात जखमींची सेवा केली. अहमद अलींनी ज्यांचे फोटो काढले त्यांतले कितीतरी जण, त्यांत लेकरंही, वर्षाच्या आत नाहीशी झाली. ते फोटो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. प्रत्येक चेहऱ्याखाली नाव आहे.

हे वाचताना माझं मन एकीकडे त्या बायकांसाठी कळवळत होतं, आणि दुसरीकडे एक प्रश्न टोचत होता. वेढ्याच्या आत आपलेही शेकडो शिपाई इंग्रजांच्या बाजूनं लढत होते. नोकर होते, आया होत्या. बाहेर तर हजारो आपलीच माणसं. त्यांच्या चेहऱ्यांचं काय?

त्याचं उत्तर पुढच्या वर्षीच्या फोटोंत आहे, आणि ते काही चांगलं नाही. १८५८ मध्ये फेलिचे बिआतो नावाचा छायाचित्रकार भारतात आला. क्रिमियाच्या युद्धाचे फोटो काढून नाव मिळवलेला. त्यानं लखनौच्या सिकंदरबागेचा फोटो काढला. पडकी इमारत, आणि समोरच्या अंगणात माणसांच्या हाडांचा सडा. तिथली लढाई झाली होती आदल्या नोव्हेंबरात. दोन हजारांच्या आसपास हिंदी शिपाई तिथे मारले गेले असं सांगतात. फोटो काढला काही महिन्यांनी. चांगला दिसावा म्हणून हाडं बाहेर आणून मांडली होती, असं आता अभ्यासक मानतात. आणखी एक फोटो आहे, फासावर लटकणाऱ्या दोन शिपायांचा. मी तो मुलीला पाहू दिला नाही. त्यांची नावं नाहीत. हेही शेवटी फौजी माणसांचेच फोटो ना?

त्याच बिआतोनं 'हॉडसन्स हॉर्स' या घोडदळातल्या लोकांचा एक गट टिपलाय. फारच सुरेख फोटो. उंचेपुरे शीख स्वार, दाढ्या, मोठाले फेटे, कमरबंद. बरोबर दोन गोरे, लेफ्टनंट मेचॅम आणि डॉक्टर अँडरसन. ही दोन नावं दीडशे वर्षं त्या फोटोबरोबर चालत आली आहेत. ज्यांच्यामुळे फोटो देखणा झाला त्या स्वारांची नावं आलेली नाहीत. एकदा हे लक्षात आलं आणि मग मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. मधोमध खुर्च्यांवर साहेब, नावानिशी. मागे उभे किंवा खाली सतरंजीवर बसलेले 'नेटिव्ह ऑफिसर्स' आणि शिपाई, एकगठ्ठा.

मैत्रिणींनो, झाशीच्या राणीचा म्हणून एक फोटो अधूनमधून फिरत असतो, तुम्हीही पाहिला असेल. तो राणीचाच आहे याला खात्रीलायक पुरावा नाही. राणी १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ लढता लढता पडली. तिच्यावर चालून आलेल्या सर ह्यू रोजचा चेहरा आपल्याला फोटोंतून नीट माहीत आहे. तिचा चेहरा मात्र आपण चित्रांवरून आणि पुतळ्यांवरूनच ओळखतो.

पण या सगळ्या पुरुषी गर्दीत मला एक बाई सापडली. कॅमेऱ्याच्या मागे!

हॅरिएट टायटलर तिचं नाव. जन्म १८२८, इथलाच, अवधमधला. वडील फौजेत, नवरा रॉबर्टही फौजेत, ३८ व्या नेटिव्ह इन्फंट्रीत. ११ मे १८५७ ला दिल्लीत उठाव पोचला तेव्हा ती तिथे होती, दोन लहान मुलं आणि पोटात आठवा महिना. रात्रीतून कसंबसं दिल्लीबाहेर पडली. पुढे इंग्रजांच्या फौजेनं दिल्लीला वेढा घातला तेव्हा नवऱ्याबरोबर पुन्हा तिथेच आली, कारण फौजेचा खजिना नवऱ्याच्या ताब्यात होता. बाकीच्या गोऱ्या बायकांना सुरक्षित जागी पाठवून दिलं. हिचे दिवस इतके भरलेले की प्रवास करवेना. २१ जूनला भर वेढ्यात, तोफांच्या आवाजात, एका बैलगाडीत ती बाळंत झाली. गाडीत पसरलेल्या गवतावर. मुलाचं नाव ठेवलं स्टॅन्ली डेल्ही-फोर्स टायटलर. दिल्लीच्या फौजेत जन्मला म्हणून 'डेल्ही-फोर्स'! लोकांना वाटलं होतं पोर जगायचं नाही. जगलं.

दुसरी एखादी असती तर उरलेलं आयुष्य त्या बाळंतपणाच्या आठवणी सांगत बसली असती. (मला तरी साध्या दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या आठवणी अजून पुरतात!) हॅरिएटनं दुसऱ्याच वर्षी नवऱ्याबरोबर फोटोग्राफी शिकून घेतली. शिकवणारे कोण, तर तोच बिआतो आणि आग्र्याचे लष्करी डॉक्टर जॉन मरे. दोघा नवराबायकोंनी मिळून दिल्ली, लखनौ, कानपूर अशा ठिकाणचे सुमारे पाचशे मोठाले फोटो काढले, बहुतेक पडझडीचे. पुष्कळ दिवस श्रेय एकट्या मेजरसाहेबांना जाई. आता संग्रहालयं दोघांचीही नावं लिहितात. तिच्या आठवणींचं पुस्तक मात्र छापून यायला १९८६ उजाडलं. ती गेली १९०७ मध्ये, सिमल्याला. अंदमानातला माउंट हॅरिएट डोंगर आठवतो? तो तिच्याच नावाचा. नवऱ्याची काही वर्षं तिथे नेमणूक होती. २०२१ मध्ये त्याचं नाव बदलून माउंट मणिपूर केलं, तिथे कैदेत ठेवलेल्या मणिपुरी लोकांच्या स्मरणार्थ. तेही योग्यच झालं म्हणा.

तिच्या नवऱ्याच्या नावावर एक फोटो असा आहे, की तो पाहिला की हॅरिएटचं सगळं कौतुक घशात अडकतं. १८५८ च्या मे महिन्यात रॉबर्ट टायटलर आणि चार्ल्स शेफर्ड यांनी बहादूरशहा जफरचा फोटो काढला. दिल्लीचा शेवटचा बादशहा, ऐंशी पार केलेला, खटल्यात दोषी ठरलेला. खाटेवर आडवा झालेला म्हातारा, हातात हुक्क्याची नळी, नजर कुठेच नाही. मुलगे आदल्या सप्टेंबरात मारले गेलेले. आपला फोटो काढू द्यायचा की नाही हे त्याला कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

फोटोची ताकद सरकारच्याही ध्यानात आली. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' असे आठ जाडजूड खंड निघाले. देशभरातल्या जाती-जमातींचे फोटो आणि खाली त्यांच्या स्वभावाचं वर्णन. हे इमानी, ते लबाड, हे लढवय्ये, असले शेरे. फोटो काढणाऱ्यांत पुष्कळ लष्करी अधिकारी. माणूस एकच, पण तो अख्ख्या जमातीचा नमुना म्हणून उभा. पुढे फौजेत कुणाला घ्यायचं ते ठरवताना असल्याच विचारांचा जोर वाढला. आपल्या महाराष्ट्राला त्याची झळ बसली. मुंबई लष्करात पिढ्यान् पिढ्या इमानानं नोकरी केलेल्या महार समाजाची भरती १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत बंद झाली. तेव्हा फौजेतून निवृत्त झालेले हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये सरकारकडे द्यायला अर्ज तयार केला, की आमचे वाडवडील तुमच्यासाठी लढले, आम्हाला का वगळता? ज्यांच्या वाडवडिलांनी रक्त सांडलं त्यांना हे कागदावर लिहून सिद्ध करावं लागलं. तेव्हाच्या शिपायांचे फोटो नावानिशी असते, तर हा इतिहास थोडा तरी वेगळ्या तऱ्हेनं आपल्यासमोर असता.

हळूहळू आपल्या माणसांचे स्टुडिओ वाढले. लाला दीनदयाळ हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. आधी इंदूरला नोकरी, मग १८८६ मध्ये सिकंदराबादला स्टुडिओ, पुढे १८९६ मध्ये मुंबईतही. सिकंदराबाद म्हणजे मोठी छावणी. पलटणींचे गट, कवायती, निजामाचे सरदार, गोरे अधिकारी, सगळे दीनदयाळांच्या कॅमेऱ्यासमोर आले. पण मला आवडली ती त्यांची दुसरीच गोष्ट. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादला फक्त बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला. उंच भिंतींच्या आड, आत सगळ्या कामाला बायकाच. चालवणारी एक इंग्रज बाई, मिसेस केनी-लेविक. गणवेशातल्या नवऱ्याचा फोटो भिंतीवर आणि आपला चेहरा कुठेच नाही, अशा किती जणी तिथे बुरख्यातून येऊन गेल्या असतील. अर्थात तिथे जाणाऱ्या बड्या घरच्या. शिपायाच्या बायकोला कुठला आलाय स्टुडिओ?

आता परत आमच्या घरी येते.

एवढं वाचल्यावर मी आमचा फोटो खिडकीपाशी नेऊन भिंग लावून पाहिला. पहिली गोष्ट दिसली ती दंडावर. तीन पट्ट्या, उलट्या डोंगरासारख्या. सुभेदाराला दंडावर पट्ट्या नसतात. तीन पट्ट्या म्हणजे हवालदार! फोटो काढला तेव्हा तरी ते हवालदारच होते. पुढे बढती मिळाली, की गावानंच त्यांना सुभेदार करून टाकलं, देव जाणे. सासूबाईंना सांगितलं तर त्यांना काही ते फारसं रुचलं नाही. "फोटो जुना झालाय, तुला नीट दिसत नसेल," म्हणाल्या.

दुसरी गोष्ट पदक. पट्टीवर काही लिहिलेलं आहे, वाचता येत नाही. पण पुस्तकात वाचलेलं आठवलं. त्या काळच्या मोहिमांची पदकं चांदीची असत आणि त्यांच्या कडेवर, अगदी बारीक अक्षरांत, शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असे. आपल्या शिपायांच्या पदकांवरसुद्धा! म्हणजे फोटोखाली नाव लिहायचं कुणाला सुचलं नाही, पण पदकाच्या कडेवर ते होतं. मी धावतच स्वयंपाकघरात गेले.

"आई, सुभेदारांचं पदक कुठंय?"

सासूबाई भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "ते कुठलं आता? मोडलं की. पटकीत सुभेदार गेले, मागं दोन वर्षं पाऊस नाही. माझ्या सासूबाई सांगायच्या, त्यांच्या आजेसासूनं सोनाराकडं नेलं आणि नातवाच्या पायातले वाळे करून आणले. चांदी घरातच राहिली."

"त्या आजेसासूचं नाव काय?"

त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. "सुभेदारीण," त्या म्हणाल्या.

वाळे आहेत अजून. सासऱ्यांच्या वडिलांनी घातले, सासऱ्यांनी घातले, माझ्या नवऱ्यानं घातले, माझ्या मुलीच्याही पायात बारशाला घातले होते. बँकेच्या लॉकरमध्ये एका मखमली पाकिटात असतात. गेल्या आठवड्यात काढून आणले आणि भिंग घेऊन आतून बाहेरून पाहिले. सोनारानं चांगलेच आटवलेत. गुळगुळीत आहेत.

फोटोच्या मागे मी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. भावकीतली तिन्ही नावं लिहिली, पुढे प्रश्नचिन्ह. खाली 'हवालदार, पुणे' आणि त्याखाली 'पदकाचे वाळे केले, यांच्या पत्नीने'. सासूबाईंनी ते वाचून घ्यायला सांगितलं, ऐकलं, आणि म्हणाल्या, "हवालदाराच्या पुढं कंसात सुभेदार लिही."

लिहिलं.